नकली बंदुकांचा संग्रह : पडद्यावरच्या आणि कवायतीच्या

दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन छत्रीधारी सैनिकांच्या एका तुकडीवर बेतलेली ‘बँड ऑफ ब्रदर्स’ ही दूरचित्रवाणी मालिका २००१ साली प्रसारित झाली. तिच्या चित्रीकरणासाठी सुमारे ७०० खऱ्या बंदुका आणि त्यांच्या जोडीला जवळपास ४०० रबरी बंदुका वापरल्या गेल्या. पाहणाऱ्याला हा फरक जाणवत नाही, आणि तो जाणवू नये याचीच सारी व्यवस्था केलेली असते. कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात असलेल्या नटाच्या हाती आवाज करणारी बंदूक दिली जाते, मागच्या रांगांतून धावणाऱ्यांच्या हाती ओतीव रबराची येते, आणि जो गोळी लागून दगडांवर कोसळणार आहे त्याच्या वाट्याला मऊ फोमची. चित्रीकरण संपले की या वस्तूंपैकी काही भाड्याच्या कोठारात परत जातात, काही मोडतात, काही टाकून दिल्या जातात आणि थोड्या संग्राहकांच्या हाती लागतात.

अशा वस्तू जमवण्याचा छंद ब्रिटन, अमेरिका आणि जपान या देशांत चांगला रुजलेला आहे. त्याला बहुतेक लोक शस्त्रांचा छंद समजतात. परंतु या संग्राहकाच्या कपाटातील बहुसंख्य वस्तूंनी आयुष्यात एकही गोळी झाडलेली नसते आणि त्या झाडूही शकत नाहीत. त्याला पडणारा प्रश्न वेगळा असतो: ही बंदूक नेमक्या कोणत्या कामासाठी खोटी केली गेली? वस्तूचा धातू किंवा रबर, तिचे वजन, तिची किंमत, तिच्यापासून असलेला धोका आणि तिला लागू होणारा कायदा हे सर्व या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते, म्हणून पुढचे विवेचन त्याच क्रमाने केले आहे.

आवाज आणि ज्वाला हवी असते तेव्हा

खऱ्या काडतुसात चार गोष्टी असतात: पितळी नळकांडे, त्याच्या बुडाशी बसवलेला प्रायमर, आतली दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. चाप ओढला की प्रायमरवर आघात होतो, त्याच्या ठिणगीने दारू पेटते आणि तयार झालेला वायू गोळीला नळीतून पुढे ढकलतो. ब्लँक काडतुसात गोळी नसते; नळकांड्याचे तोंड चुण्या पाडून मिटवलेले असते. त्यामुळे आवाज होतो, ज्वाला दिसते, पण बाहेर काही फेकले जात नाही, अशी समजूत आहे. ती किती अपुरी आहे ते लवकरच दिसेल.

बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळीचे मागचे तोंड बंद करणारा दांडा, मागेपुढे करून एकेक काडतूस भरायच्या जुन्या रायफलीत ब्लँक विनातक्रार चालते. अडचण येते ती स्वयंचलित शस्त्रांची, कारण मशीनगन किंवा स्वयंचलित रायफल झाडलेल्या गोळीमागच्या वायूचा दाब, किंवा मागे बसणारा धक्का, वापरूनच रिकामे नळकांडे बाहेर टाकते आणि नवे काडतूस आत घेते. नळीत गोळी नसली की वायूला अडवणारे काही उरत नाही आणि झाकण न लावलेल्या कुकरात दाब धरत नाही तसे होते. बंदूक एकदा वाजते आणि थांबते. म्हणून नळीचे तोंड अंशतः बंद करावे लागते. सरावाच्या वेळी सैन्य हा अडथळा नळीच्या टोकाला बाहेरून लावते आणि त्याला मुद्दाम लाल किंवा पिवळा असा भडक रंग देते, कारण कोणाच्या रायफलीवर तो बसवलेला आहे हे अधिकाऱ्याला दुरूनही कळावे लागते. चित्रपटात तोच अडथळा नळीच्या आत लपवला जातो. तांत्रिक गरज एकच, पण एका ठिकाणी ती दिसलीच पाहिजे आणि दुसऱ्या ठिकाणी दिसता कामा नये. सरावाची वस्तू आणि पडद्याची वस्तू वेगळी ओळखण्याची पहिली खूण संग्राहकाला इथे मिळते.

या गरजेपायी चित्रपटांत शस्त्रांची अदलाबदलही झाली. अमेरिकन सैन्याचे प्रसिद्ध कोल्ट १९११ हे पिस्तूल .४५ इंच व्यासाच्या काडतुसावर चालते, आणि त्या व्यासाच्या ब्लँक काडतुसांवर ते पूर्वी भरवशाने चालत नसे. स्पेनमध्ये बनणारे स्टार मॉडेल बी हे पिस्तूल दिसायला त्याचा जुळा भाऊ वाटावे इतके सारखे, पण ९ मिलिमीटरचे. आणि त्या व्यासाची ब्लँक काडतुसे नीट चालत असत. परिणामी कित्येक जुन्या चित्रपटांत अमेरिकन सैनिकाच्या कमरेला दिसणारे पिस्तूल प्रत्यक्षात स्पॅनिश आहे. पडद्यावरच्या वस्तूचा शोध घेणाऱ्याने केवळ इतिहासाची पुस्तके पाहून कोल्ट विकत घेतले, तर त्याच्याकडे उत्तम कोल्ट येईल, चित्रपटातली वस्तू मात्र येणार नाही.

ही सारी शस्त्रे पुरवणाऱ्या भाड्याच्या कोठारांचा इतिहास या छंदात फार महत्त्वाचा आहे. हॉलिवूडमधील स्टेंब्रिज गन रेंटल्स आणि लंडनमधील बॅप्टी या दोन संस्थांनी मूकपटांच्या काळापासून पुढची कित्येक दशके युद्धपटांना बंदुका पुरवल्या. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर अमेरिकेत शस्त्रांची टंचाई झाली तेव्हा स्टेंब्रिजने आपल्या कोठारातील बंदुका सरकारला उसन्या दिल्या होत्या. नटांच्या हातातील शस्त्रे काही काळ खऱ्या पहाऱ्यावर गेली, असा हा उलटा प्रवास आहे.

आता ब्लँक काडतुसाच्या धोक्याकडे वळतो. १९८४ साली जॉन-एरिक हेक्सम या तरुण अमेरिकन नटाने चित्रीकरणाच्या दोन दृश्यांमधील रिकाम्या वेळेत ब्लँक भरलेले रिव्हॉल्व्हर गंमत म्हणून स्वतःच्या कानशिलाला लावून झाडले. त्यात गोळी नव्हती. परंतु अगदी जवळून बाहेर पडलेल्या वायूच्या आणि आत दारू दाबून धरणाऱ्या बोळ्याच्या आघाताने कवटीचा तुकडा मेंदूत शिरला आणि काही दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. १९९३ साली ‘द क्रो’च्या चित्रीकरणात ब्रँडन ली याचा मृत्यू झाला, त्याची कारणसाखळी अधिक गुंतागुंतीची आहे. जवळून दाखवण्यासाठी लागणारी डमी, म्हणजे दिसायला खरी पण न उडणारी, काडतुसे खऱ्या काडतुसांतील दारू काढून तयार केली होती, पण त्यातील प्रायमर जिवंत राहिला होता. त्या प्रायमरच्या जोराने एक गोळी नळकांड्यातून सुटून नळीत अडकली आणि कोणाच्या लक्षात आले नाही. नंतर त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये ब्लँक भरून झाडले गेले तेव्हा त्या ब्लँकने अडकलेली गोळी पुढे फेकली. डमी आणि ब्लँक या दोन स्वतंत्रपणे निरुपद्रवी मानलेल्या गोष्टी एकत्र आल्या आणि मिळून एक पूर्ण काडतूस तयार झाले.

ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यू मेक्सिकोत ‘रस्ट’ या चित्रपटाच्या वेळी छायालेखिका हलायना हचिन्स यांचा मृत्यू झाला, त्या घटनेतील रिव्हॉल्व्हर ही एक प्रतिकृतीच होती, आणि हे नवख्या वाचकाला चकित करणारे आहे. इटलीत एकोणिसाव्या शतकातील कोल्टच्या रिव्हॉल्व्हरांची हुबेहूब नक्कल करणारे कारखाने आहेत. ती नक्कल जुन्या आकाराची असते, पण खरी गोळी झाडणारी पूर्ण शस्त्रे म्हणूनच ती विकली जातात. ‘रस्ट’च्या रिव्हॉल्व्हरमध्ये त्या दिवशी खरे काडतूस होते. तेव्हा विक्रेता एखाद्या वस्तूला प्रतिकृती म्हणतो म्हणून ती निर्धोक आहे असे मानणे सर्वस्वी चूक आहे. ती कशाची प्रतिकृती आहे, आकाराची की कार्याची, हे स्वतः तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. या घटनेनंतर अनेक निर्मात्यांनी ब्लँकला रजा दिली; प्लॅस्टिकचे छर्रे झाडणाऱ्या एअरसॉफ्ट बंदुका किंवा रबरी बंदुका वापरून ज्वाला आणि धूर संगणकावर भरण्याची पद्धत वाढली. तज्ज्ञ डोळ्याला ती ज्वाला अजूनही कधीकधी खोटी वाटते, कारण तिचा उजेड नटाच्या चेहऱ्यावर पडत नाही. तरीही एका माणसाच्या जिवापुढे हा तोटा मोजण्यासारखा नाही.

रबर, राळ आणि साचा

युद्धपटातील बहुसंख्य बंदुका या गटातल्या. तयार करण्याची पद्धत साधी आहे. खरी बंदूक घेऊन तिच्याभोवती सिलिकॉन रबराचा दोन अर्धांचा साचा घेतला जातो, त्यात पॉलियुरेथेन ओतले जाते, आणि नळी वाकू नये म्हणून आत लोखंडी सळई ठेवली जाते. सैनिकांच्या रांगेत नुसती खांद्याला लावायची असेल तर कठीण राळ ओततात. मारामारीत वापरायची किंवा अंगावर पडायची असेल तर मऊ फोम. त्यानंतर काळा रंग, त्यावर कोरड्या कुंचल्याने चंदेरी फटकारे, दस्त्याच्या भागाला लाकडाचा तपकिरी रंग आणि वरून थोडी धूळ. दहा पावलांवरून ती पाहणाऱ्याला बंदूकच दिसते.

साच्यातून एक मजेदार गोष्ट घडते. ज्या खऱ्या बंदुकीवरून साचा घेतला तिच्या अंगावरचा प्रत्येक ओरखडा, प्रत्येक शिक्का आणि कोरलेला अनुक्रमांकही साच्यात उतरतो. त्यामुळे त्या साच्यातून निघालेल्या सर्व रबरी बंदुकांवर तोच क्रमांक, त्याच जागी, तसाच किंचित पुसट दिसतो. दोन वेगवेगळ्या चित्रपटांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या रायफलींवर एकच क्रमांक आढळला, तर त्या एकाच साच्याच्या, बहुधा एकाच कोठाराच्या, असे अनुमान काढता येते. साच्याची दोन अर्धे जिथे मिळतात तिथली बारीक शिवण नीट घासलेली आहे की तशीच सोडलेली आहे, यावरून ती कॅमेऱ्यापासून किती अंतरासाठी बनवली होती हेही कळते. मला व्यक्तिशः या ओबडधोबड, शिवण न घासलेल्या वस्तू अधिक आवडतात. त्यांत कारागिराने किती कष्ट वाचवले आणि तरी कॅमेऱ्याला कसे फसवले याचा हिशेब उघड दिसतो.

जवळून दाखवण्याच्या एकमेव चांगल्या वस्तूला या व्यवसायात हिरो प्रॉप म्हणतात. बाजारात तिची किंमत रबरी भावंडांपेक्षा कितीतरी अधिक असते, आणि फसवणूकही साहजिकच तिच्याभोवती अधिक होते.

कवायतीची रायफल

चित्रपटापेक्षा सैन्याने नकली बंदुका अधिक काळ आणि अधिक संख्येने वापरल्या आहेत. कारण सरळ आहे: नव्या शिपायाला चालायला, सलामी द्यायला, रायफल खांद्यावर घ्यायला आणि संगीन रोखायला शिकवण्यासाठी गोळी झाडणारे शस्त्र लागत नाही, वजन आणि लांबी बरोबर असली की पुरते. युद्ध अचानक अंगावर येते तेव्हा तर खरी शस्त्रे आघाडीवर जातात आणि छावणीत शिकणाऱ्यांना लाकूड मिळते. १९४० आणि १९४१ साली अमेरिकेतील लुइझियाना राज्यात झालेल्या मोठ्या युद्धसरावांत मालमोटारींवर ‘रणगाडा’ अशी पाटी लावून त्यांना रणगाडे मानले गेले, आणि लाकडी शस्त्रांनी तोफांचे व बंदुकांचे काम केले.

याच काळात आयोवा राज्यातील क्लॅरिंडा या गावातील पॅरिस-डन या कंपनीने अमेरिकन नौदलासाठी मार्क १ नावाची नकली सराव रायफल बनवली. तिला खऱ्या लाकडाचा दस्ता, लोखंडी नळी, हलणारा बोल्ट आणि संगीन बसवण्याची सोय होती. आकार स्प्रिंगफील्ड रायफलीशी जुळता होता. बाजूला कंपनीचे आणि गावाचे नाव स्पष्ट कोरलेले असे. युद्ध संपल्यावर या कंपनीचा वारसा टेनेसीत खेळण्यातल्या बंदुका बनवण्याकडे गेला. सराव शस्त्रांच्या संग्राहकांना ही रायफल विशेष प्रिय आहे, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे: ती थोड्याच वर्षांत बनली, तिच्यावर निर्मात्याचा ठसा आहे आणि ती खोटी म्हणूनच जन्माला आली. मोडक्या शस्त्राचे अवशेष नव्हेत, तर शिकवण्यासाठी जाणीवपूर्वक घडवलेले साधन असे तिचे स्वरूप आहे.

ब्रिटिशांनी दुसरा मार्ग धरला. झिजलेल्या किंवा सदोष झालेल्या ली-एनफील्ड रायफली टाकून न देता त्यांच्यावर डी.पी. ही अक्षरे, म्हणजे कवायतीसाठी, असा शिक्का मारला जाई. नळीच्या मुळाशी छिद्र पाडले जाई, प्रायमरवर आघात करणारी फायरिंग पिन निकामी केली जाई, आणि दुरून ओळखता यावे म्हणून दस्त्यावर पांढरे पट्टे रंगवले जात. भारतात हीच परंपरा पुढे चालली. एन.सी.सी.त परेड केलेल्या महाराष्ट्रातील कोणत्याही छात्राला सुमारे चार किलो वजनाची .३०३ ची डी.पी. रायफल ठाऊक असते. उन्हात शस्त्र-सलामी धरून उभे राहिल्यावर ते चार किलो किती होतात हेही ठाऊक असते. गोळीबाराच्या सरावासाठी मात्र त्याच छात्राला .२२ ची वेगळी रायफल मिळते. डी.पी. रायफल ही संग्रहाच्या दृष्टीने अवघड सीमारेषेवरची वस्तू आहे, कारण ती नकली नसून निकामी केलेले खरे शस्त्र आहे. भारतात ती कोणाकडे विक्रीला आली तर तिला हात लावू नये, ती सरकारी मालमत्ता असण्याचीच शक्यता अधिक.

आजच्या प्रशिक्षणात लाकडाची जागा घन प्लॅस्टिकने घेतली आहे. पोलिसांच्या सरावात एक रंग ठरलेला असतो, अनेक देशांत तो निळा किंवा लाल; शस्त्र हिसकावून घेणे, कमरेच्या म्यानातून काढणे असे प्रकार त्यावर शिकवले जातात आणि रंग पाहताच ते न झाडणारे शस्त्र आहे हे सर्वांना कळते. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या अखेरीस तयार झालेल्या लेझर पद्धतीत तर खऱ्या रायफलीतच ब्लँक भरतात आणि नळीवर लेझरचा डबा बसवतात. ब्लँक वाजले की लेझर सुटतो आणि समोरच्याच्या अंगावरचे संवेदक वाजू लागतात. हे डबे आणि पट्टे अलीकडे जुन्या लष्करी मालाच्या बाजारात येऊ लागले आहेत आणि सध्या तरी स्वस्त आहेत.

जपानची पिवळी पिस्तुले

या छंदाची सर्वांत कसबी शाखा जपानमध्ये वाढली. तिथे १९५८ च्या कायद्याने सामान्य नागरिकाला पिस्तूल बाळगणे अशक्यप्राय केले, आणि नेमक्या त्या पोकळीत मॉडेल गन हा उद्योग जन्मला. १९६० च्या दशकात एम.जी.सी. आणि तिच्या स्पर्धक कंपन्या जस्ताच्या मिश्रधातूत अशी पिस्तुले ओतू लागल्या की ती सुटी करता येत, पुन्हा जोडता येत आणि त्यांचा प्रत्येक भाग खऱ्याप्रमाणे हलत असे. पुढे छोट्या टिकल्यांच्या जोरावर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे जाऊन खोटे काडतूस बाहेर पडण्यापर्यंत त्यांची मजल गेली. आपल्याकडच्या दिवाळीतील टिकल्यांच्या पिस्तुलाशी त्यांचे नाते आहे, पण ते फार दूरचे.

गुन्ह्यांत या वस्तू धमकीसाठी वापरल्या जाऊ लागल्यावर १९७१ साली जपानने धातूच्या नकली पिस्तुलांना पांढरा किंवा पिवळा रंग सक्तीचा केला आणि नळी बंद ठेवायला लावली. १९७७ साली दुसरी, अधिक कडक दुरुस्ती आली: कोणी पोखरून नळी मोकळी करू नये म्हणून आत कठीण पोलाद ओतणे बंधनकारक झाले. अशा वस्तूंवर सुरक्षिततेचा तीन अक्षरी एस.एम.जी. शिक्का असतो. उत्पादक मग काळ्या प्लॅस्टिककडे वळले, कारण रंगाचे हे बंधन धातूच्या पिस्तुलांवर होते. आज ज्याला एअरसॉफ्ट म्हणतात तो प्रकार याच उद्योगातून निघाला. टोकियो मारुई या कंपनीने १९९१ साली बाजारात आणलेली, विजेवर चालणारी आणि ६ मिलिमीटरचे प्लॅस्टिक छर्रे झाडणारी, फामास या फ्रेंच लष्करी रायफलीची नक्कल त्यातला मोठा टप्पा मानली जाते. १९७१ पूर्वीच्या काळ्या धातूच्या पिस्तुलाला परदेशी संग्राहक जास्त पैसे मोजतात. माझ्या मते पिवळ्या पिस्तुलात इतिहास अधिक आहे, कारण कायदा तिच्या अंगावर रंगाच्या रूपाने उमटलेला आहे.

देशोदेशीचे कायदे

वस्तू जितकी खरी दिसते तितका कायदा तिच्या जवळ सरकतो. ब्रिटनमध्ये २००६ च्या कायद्यानुसार १ ऑक्टोबर २००७ पासून हुबेहूब दिसणाऱ्या आधुनिक नकली बंदुका बनवण्यावर, आयात करण्यावर आणि विकण्यावर बंदी आहे. चित्रपट, नाटक, संग्रहालये आणि इतिहासातील लढायांची पुनर्निर्मिती करणारे गट यांना सूट आहे, आणि १८७० पूर्वीच्या रचनेची नक्कल या बंदीत येत नाही. अमेरिकेत १९८८ च्या कायद्याने खेळण्यातील आणि दिखाऊ बंदुकांच्या नळीच्या टोकाला नारिंगी खूण सक्तीची केली. १८९८ पूर्वीच्या जुन्या शस्त्रांच्या प्रतिकृती तिथे वगळल्या आहेत आणि चित्रपटांसाठी सूट मिळू शकते. दोन्ही कायद्यांनी एका जुन्या वर्षाची रेघ ओढली आहे, यामागचा विचार उघड आहे: ठासणीची बंदूक घेऊन आज कोणी बँक लुटायला जात नाही.

याच सवलतीमुळे भारताचे नाव या बाजारात येते. ब्राउन बेस यासारख्या अठराव्या शतकातील ठासणीच्या बंदुकांच्या भारतात बनलेल्या प्रतिकृती अमेरिका आणि कॅनडातील पुनर्निर्मिती गटांमध्ये सर्वपरिचित आहेत. त्यांपैकी पुष्कळ बंदुका आतली दारू पेटवण्याचे छिद्र न पाडताच निर्यात होतात, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या त्या न झाडणाऱ्या शोभेच्या वस्तू असतात.

ब्रिटनमध्ये खऱ्या शस्त्राला कायमचे निकामी करून, लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रमाणन संस्थेचा दाखला घेऊन ते विनापरवाना ठेवता येते. ही सोय १९८८ च्या कायद्याने आली, १९९५ साली तिचे निकष कडक झाले आणि २०१६ साली युरोपीय निकषांनी आणखी कडक केले. आधी बोल्ट हलत असे, नंतर तो जवळजवळ पूर्णपणे वेल्डिंगने जखडला गेला. संग्राहकांना साहजिकच जुन्या, हलणाऱ्या वस्तू प्रिय आहेत. पण २०१७ नंतर तशी वस्तू स्वतःजवळ ठेवता येते, नव्या निकषांनुसार पुन्हा निकामी करून घेतल्याशिवाय विकता किंवा भेट देता येत नाही.

भारतातील संग्राहकाने यातले काहीही गृहीत धरू नये. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ६ मध्ये नकली बंदुकीचे खऱ्या बंदुकीत रूपांतर करण्यास परवान्यावाचून मनाई आहे, आणि तिथे नकली बंदुकीची व्याख्या व्यापक आहे: जी बंदुकीसारखी दिसते ती, मग तिच्यातून काही झाडता येवो वा न येवो. २०१६ च्या शस्त्र नियमांत प्रतिकृती आणि ब्लँक झाडणारी शस्त्रे यांचीही दखल घेतलेली आहे. एअरगनबाबत २० ज्यूल ऊर्जा आणि .१७७ इंच व्यास ही मर्यादा आहे. तिच्यापुढे गेले की परवाना लागतो. परदेशातून टपालाने मागवलेली धातूची प्रतिकृती सीमाशुल्क विभागात अडकणे हा अपवाद समजू नये. विमानात हाताच्या सामानात तर खेळण्यातील पिस्तूलही नेता येत नाही. मुंबईच्या चित्रपटसृष्टीसाठी बनलेली लाकडी किंवा फायबरची डमी विकत घेण्यापूर्वीसुद्धा स्थानिक पोलिसांच्या परवाना शाखेत विचारून घेणे आणि मिळालेले उत्तर लेखी ठेवणे शहाणपणाचे ठरते. ती उघड्यावर घेऊन फिरू नये, गच्चीवर छायाचित्रे काढू नयेत; समोरच्या इमारतीतून पाहणाऱ्याला आणि गस्तीवरच्या शिपायाला तिचे रबर दिसत नसते.

कागद नसेल तर गोष्ट नाही

पडद्यावर वापरलेली वस्तू आणि त्याच नमुन्याची दुसरी वस्तू यांच्या किमतीत शंभरपट फरक पडू शकतो, आणि दोन्ही डोळ्यांना सारख्याच दिसतात. फरक पाडतो तो पुरावा: कोठाराचा यादी क्रमांक, भाड्याची पावती, चित्रीकरणाची छायाचित्रे. लाकडी दस्ता असेल तर त्यातील नसांची रचना प्रत्येक तुकड्यात वेगळी असते, म्हणून चित्रपटातील स्थिर चौकट आणि हातातील वस्तू शेजारी ठेवून त्या जुळवता येतात. रबरी वस्तूंना ही सोय नाही, तिथे रंगाचे डाग आणि मोडतोड पाहावी लागते.

खरी अडचण भाड्याच्या व्यवहारातूनच निर्माण होते. कोठारातील बंदूक एका चित्रपटानंतर स्वच्छ होऊन दुसऱ्याकडे जाते. एका युद्धपटात जर्मन सैनिकाच्या हातात असलेली मशीनगन पुढच्या वर्षी वेगळ्याच युद्धात दिसते. ‘स्टार वॉर्स’च्या पहिल्या चित्रपटासाठी बॅप्टीने ब्रिटिश स्टर्लिंग सबमशीनगन आणि जर्मन माउझर पिस्तुले यांच्यावर जोडकाम करून अंतराळातील शस्त्रे बनवली. काम संपल्यावर त्यातले पुष्कळसे जोडकाम काढून टाकले गेले, कारण भाडे पुन्हा मूळ बंदुकीलाच मिळणार होते. त्या चित्रपटातील हॅन सोलोचे, माउझरवर घडवलेले एक पिस्तूल ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेतील लिलावात दहा लाख डॉलरहून अधिक किमतीला गेले. त्या किमतीत माउझरचा वाटा किरकोळ होता.

जपणूक

महाराष्ट्राच्या, विशेषतः कोकण आणि मुंबईच्या, दमट हवेत पॉलियुरेथेन फोम फार काळ टिकत नाही. हवेतील ओलावा त्याची रासायनिक बांधणी तोडतो. आधी पृष्ठभाग चिकट होतो, मग बोट लावताच भुगा पडतो, आणि हा ऱ्हास मागे फिरवता येत नाही, केवळ लांबवता येतो. उन्हापासून दूर, कोरड्या जागी, सिलिका जेलच्या पुड्यांसह आणि आडवी, पूर्ण लांबीचा आधार देऊन ठेवणे एवढेच हाती असते. टांगलेली रबरी रायफल काही वर्षांत स्वतःच्या वजनाने वाकते. जस्ताच्या मिश्रधातूत शिशाची भेसळ असेल तर तो आतून फुगतो आणि त्याला भेगा पडतात, त्यावरही उपाय नाही. लाकडाला जवसाचे तेल मानवते, पण मूळ लष्करी रंग किंवा पांढरे पट्टे घासून चकाकी आणू नये. ती चकाकी वस्तूची निम्मी किंमत घेऊन जाते.

प्रत्येक वस्तूबरोबर एक कार्ड ठेवावे आणि त्यावर ती कशाची बनली आहे, कोणत्या कामासाठी बनली, कोणाकडून घेतली, आणि सर्वांत वर ठळक अक्षरांत ती गोळी झाडू शकत नाही हे, छायाचित्रासह लिहावे. संग्राहकाच्या पश्चात कपाट उघडणाऱ्या घरच्या माणसांना रबर आणि पोलाद यांतला फरक ठाऊक नसतो. कागद नसला तर ती भीतीपोटी वस्तू नदीत टाकतात किंवा पोलिसांना बोलावतात, आणि पोलीस चौकीत जमा झालेली डमी परत मिळवण्यासाठी मग वारसांनाच खेपा घालाव्या लागतात.